एका वलंदेजी आडनांवाचें आयुष्य



आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत, तो प्रथमदर्शनीं अगदीं परका वाटेल. युरोपच्या वायव्येस, समुद्राला बांध घालून मिळविलेल्या सखल जमिनीवर वसलेला नेदरलंड्स नांवाचा एक लहानसा देश आहे. तेथील लोकांना आपण इंग्रजीच्या वळणानें डच म्हणतों. पण आपल्या जुन्या मराठी कागदांत त्यांचें नांव ‘वलंदेज’ असें आहे. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत वलंदेजांचेंही आहे. तेव्हां हे लोक आपल्याला सर्वस्वीं अनोळखी नाहींत.

ह्या वलंदेजांपैकीं एकाचें आडनांव, शाळेंत शास्त्र शिकलेल्या बहुतेक मराठी मुलांच्या कानांवरून गेलेलें असतें. तें आडनांव लेवेनहूक. क्रमिक पुस्तकांतून तें ‘ल्युवेनहॉक’ असेंही छापलेलें आढळतें. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीवजंतु ज्यानें पाहिले आणि जगाला सांगितले, तोच हा आंतोनी व्हान लेवेनहूक. त्याच्या शोधांविषयीं पुष्कळ बोललें गेलें आहे. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच्या आडनांवाविषयीं. तें आलें कोठून, आज तें इतकें विरळ कां, आणि विरळ असूनही तें टिकलें कोणामुळें, हे तीन प्रश्न मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

डेल्फ्ट नांवाच्या गांवीं ‘नवें देऊळ’ ह्या अर्थाच्या नांवाचें एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वहींत १६३२ सालच्या शरद ऋतूंतल्या दोन नोंदी अवघ्या कांहीं दिवसांच्या अंतरानें आलेल्या आहेत. पहिली ३१ ऑक्टोबरची: बालकाचें नांव योआनिस, बापाचें नांव रेनीर यान्सझोन. दुसरी ४ नोव्हेंबरची: बालकाचें नांव थोनिस, बापाचें नांव फिलिप्स थोनिसझोन. पहिला मुलगा पुढें जगद्विख्यात चित्रकार योहानेस व्हर्मेर झाला, आणि दुसरा आपला आंतोनी व्हान लेवेनहूक. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, ज्या दोन आडनांवांनीं हे दोघे आज जगाला ठाऊक आहेत, त्यांपैकीं एकही आडनांव त्या नोंदींत नाहीं!

ह्याचें कारण सोपें आहे. ‘झोन’ म्हणजे मुलगा. यान्सझोन म्हणजे यानचा मुलगा, थोनिसझोन म्हणजे थोनिसचा मुलगा. आपल्या जुन्या दस्तऐवजांत ‘अमुक बिन तमुक’ असें लिहीत, त्यांतल्या ‘बिन’चें जें काम, तेंच ह्या ‘झोन’चें. त्या काळीं सामान्य माणसाची ओळख बापाच्या नांवानें पटत असे, आणि बापाचें नांव पिढीगणिक बदलत असे. त्यांतून आजोबाचें नांव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याप्रमाणें त्यांच्याकडेही होती. थोनिसचा मुलगा फिलिप्स आणि फिलिप्सचा मुलगा पुन्हां थोनिस, असा हा रहाट फिरत राही. गांव लहान असेतोंपर्यंत ह्यांत अडचण नव्हती. पण डेल्फ्टसारख्या व्यापारी शहरांत एकाच नांवाचीं दहा माणसें निघूं लागलीं, तेव्हां कर कोणाकडून घ्यावा आणि वारसा कोणास द्यावा, हा घोंटाळा होऊं लागला. मग बापाच्या नांवापुढें आणखी एक खूण जोडणें भाग पडलें. ही खूण म्हणजेच आडनांव.

खूण कशाची घ्यावयाची? जी डोळ्यांसमोर असेल तिची! त्या काळीं तेथल्या घरांना क्रमांक नव्हते. दारावर एकाद्या प्राण्याचें किंवा वस्तूचें चित्र अथवा पाटी असे, आणि तीच घराची ओळख असे. चित्रकार व्हर्मेरचा बाप कांहीं काळ ‘वोस’ म्हणजे ‘कोल्हा’ हें नांव लावीत असे. पुढें १६४० च्या सुमारास तो व्हर्मेर म्हणवूं लागला. एकाच माणसाचें आडनांव त्याच्या हयातींत असें बदलत होतें आणि त्यांत कोणास वावगें वाटत नव्हतें. लेवेनहूक कुटुंबाचें घर डेल्फ्टमध्यें ‘लेवेनपोर्ट’ म्हणजे सिंहदरवाजा, त्याच्या कोपऱ्यावर होतें. ‘लेव’ म्हणजे सिंह आणि ‘हूक’ म्हणजे कोपरा. ‘वेशीजवळचे पाटील’, ‘पारावरचे जोशी’ असें आपण ओळखीसाठीं म्हणतों, त्यांतलाच हा प्रकार. सिंहाच्या कोपऱ्यावरचे ते लेवेनहूक. ह्यांत पराक्रमाचा सिंह नाहीं, राजचिन्हाचा सिंह नाहीं. एका रस्त्याचा कोपरा तेवढा आहे. बाप टोपल्या विणणारा होता, आणि त्याच्या आडनांवाची थोरवी त्या कोपऱ्याएवढीच होती.

आडनांवाआधींच्या ‘व्हान’ ह्या शब्दानें पुष्कळांची दिशाभूल होते. शेजारच्या जर्मनींत ‘फोन’ हा शब्द बहुधा सरदार घराण्याची निशाणी असतो. म्हणून ‘व्हान’ही तसाच असावा, असें लोकांना वाटतें. वस्तुतः ‘व्हान’ म्हणजे ‘अमक्या ठिकाणचा’, आपल्या वेंगुर्लेकर, सातारकरांतला ‘कर’. आंतोनी पूर्वी नुसतें ‘लेवेनहूक’ अशी सही करी. ‘व्हान’ त्यानें उतारवयांत जोडला. माणूस नांवाजला म्हणजे त्याचें आडनांवही थोडें भारदस्त होऊं पाहतें, हें आपल्याकडेही कांहीं नवीन नाहीं.

आतां एकंदर वलंदेजी आडनांवांकडे क्षणभर पाहूं. त्यांचे ढोबळ चार वर्ग करतां येतात. बापाच्या नांवावरून आलेलीं, जसें यान्सेन. गांवावरून किंवा जागेवरून आलेलीं, जसें व्हान लेवेनहूक. धंद्यावरून आलेलीं, जसें बाकर म्हणजे पाव भाजणारा, स्मित म्हणजे लोहार, फिसर म्हणजे कोळी. आणि रूपगुणांवरून आलेलीं, जसें दे योंग म्हणजे धाकटा, दे वित म्हणजे आपले गोरे. हे चारही वर्ग मराठींत आहेत, हें मीं सांगावयास नकोच. पस्तीसाहून अधिक वर्षें शाळेच्या दाखलेबुकांत मुलांचीं नांवें लिहिण्यांत माझीं गेलीं. त्यामुळें हें साम्य माझ्या डोळ्यांत चटकन भरलें.

ह्या आडनांवांविषयीं तेथें एक लोककथा फार प्रचलित आहे. १८१० सालीं नेपोलियननें नेदरलंड्स देश फ्रेंच साम्राज्याला जोडला, आणि १८११ सालीं असा हुकूम काढला कीं, ज्यांना आडनांव नाहीं त्यांनीं तें घेऊन सरकारदफ्तरीं नोंदवावें. लोककथा पुढें सांगते कीं, परकी सत्तेचा हा हुकूम चार दिवसांचा आहे असें समजून लोकांनीं थट्टेनें वाटेल तीं आडनांवें लिहवून दिलीं, आणि पुढें तींच त्यांच्या वंशजांच्या गळ्यांत पडलीं. पुरावा म्हणून ‘नाक्तगेबोरेन’ म्हणजे ‘उघडा जन्मलेला’ हें आडनांव दाखविण्यांत येतें. कथा मोठी गमतीची आहे; परंतु कागद तिला दुजोरा देत नाहींत. हें आडनांव नेपोलियनच्या पुष्कळ आधींपासून कागदोपत्रीं आढळतें, आणि ‘बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला’ ह्या अर्थाच्या जर्मन शब्दाचा तो अपभ्रंश आहे, असें जाणते लोक सांगतात. म्हणजे ज्या आडनांवाला लोक हंसतात, त्याच्या मुळाशीं एका पोरक्या मुलाचा जन्म आहे! शिवाय हॉलंड प्रांतांतल्या शहरवस्तींत आडनांवें तोंपर्यंत रुळलेलींच होतीं. नेपोलियनच्या हुकुमाचा खरा परिणाम झाला तो फ्रीसलंडसारख्या प्रांतांतून, जेथें ‘अमक्याचा मुलगा तमका’ हीच रीत अद्याप चालू होती. तेथेंही सर्वांनीं तो लगेच मानला असें नाहीं. १८२५ सालीं राजाला पुन्हां फर्मान काढावें लागलें.

ह्या हुकुमांचें महत्त्व मात्र मोठें आहे. तोंपर्यंत आडनांव वाहत्या पाण्यासारखें होतें. ह्यापुढें तें गोठलें. बापाचें तेंच मुलाचें, आणि त्यांत बदल करावयाचा तर सरकारची परवानगी पाहिजे. नवीं आडनांवें जन्माला येण्याचें जवळजवळ थांबलें. आणि जेथें जन्म थांबतो पण मृत्यु चालूच राहतो, तेथें संख्या घटत जाणार, हें उघड आहे.

आडनांव मरतें कसें, ह्याचें एक सुंदर गणित आहे. फ्रान्सिस गॉल्टन ह्या इंग्रज विद्वानानें १८७३ सालीं शिक्षकांसाठीं निघणाऱ्या एका मासिकांत तें कोडें म्हणून घातलें. हेन्री वॉटसन ह्या धर्मोपदेशकानें त्यावर उत्तर धाडलें, आणि पुढें दोघांनीं मिळून त्यावर निबंध लिहिला. आपण तें सोपें करून पाहूं. समजा, एका देशांत एक हजार पुरुष आहेत आणि प्रत्येकाचें आडनांव निराळें आहे. दर चौघांमागें एकाला मुलगा नाहीं, दोघांना एकेक मुलगा आहे, आणि एकाला दोन. म्हणजे सरासरीनें माणशीं एक मुलगा झाला. पुरुषांची संख्या पिढ्यान्‌पिढ्या हजारच राहणार. पण आडनांवांचें काय होतें? पहिल्याच पिढीनंतर २५० आडनांवें गेलीं, ७५० उरलीं. दुसऱ्या पिढीनंतर सुमारें ६०९ उरतात, तिसऱ्यानंतर सुमारें ५१६, आणि पांचव्या पिढीअखेर ४०० च्याही आंत येतात. माणसें तितकींच राहिलीं, दुष्काळ पडला नाहीं, पटकी आली नाहीं. तरी दीडशें वर्षांच्या आंत निम्म्याहून अधिक आडनांवें नाहींशीं झालीं! जीं उरलीं त्यांच्यांत माणसें वाढलीं, एवढेंच.

आतां ह्या गणितांतून आपल्या पहिल्या प्रश्नाचा दुसऱ्याशीं असलेला संबंध दिसूं लागतो. आडनांवाचा जन्म कसा झाला, ह्यावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें. बाकर हें आडनांव गांवोगांव जन्माला आलें, कारण पाव भाजणारा प्रत्येक गांवांत होता. त्यांतलीं शंभर घराणीं बुडालीं तरी शंभर शिल्लक राहतात. दे योंग आजही तेथील सर्वांत मोठ्या आडनांवांत आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तें लावणारे ऐंशीं हजारांहून अधिक लोक होते. परंतु डेल्फ्टच्या सिंहदरवाजाचा कोपरा एकच होता. त्या कोपऱ्यावरून निघालेलें आडनांव मुळांतच एका-दोन घरांपुरतें. अशा आडनांवाला एकाच पिढीचें अपयश पुरतें. म्हणून लेवेनहूक हें आडनांव आज नेदरलंड्समध्यें अत्यंत विरळ आहे. त्याच्याशीं दिसावयास सारखें असलेलें ‘व्हान लेवेन’ हें आडनांव मात्र पुष्कळ आढळतें; पण तें दुसरें, लेवेन नांवाच्या गांवांवरून आलेलें.

अशा विरळ आडनांवांची मोजदाद त्या देशानें मोठ्या आस्थेनें केली आहे. १९४७ सालच्या शिरगणतीच्या आधारें पी. जे. मेर्टेन्स ह्या पंडितानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रांतवार आडनांवांचे कोश सिद्ध केले. पुढें २००७ सालीं सरकारी नोंदींवरून पुन्हां गणना झाली, तेव्हां परदेशांतून आलेल्या लोकांचीं धरून तीन लाखांहून अधिक निरनिराळीं आडनांवें भरलीं. त्यांतल्या कितीतरी आडनांवांपुढें नक्की आंकडा दिलेलाच नाहीं. ‘पांचांहून कमी’ एवढाच शेरा आहे. हा शेरा वाचला म्हणजे, शेवटचें तेल संपत आलेल्या समईची आठवण होते.

परंतु सर्वच आडनांवें गणितानें मेलीं असें मात्र कोणीं समजूं नये. १९४० सालीं जर्मन नाझी फौजांनीं नेदरलंड्स जिंकला, तेव्हां त्या देशांत सुमारें एक लाख चाळीस हजार यहुदी राहत होते. त्यांपैकीं एक लाखाहून अधिक १९४५ पर्यंतच्या पांच वर्षांत मारले गेले. कुटुंबेंच्या कुटुंबें, आजोबापासून तान्ह्या नातवापर्यंत, नाहींशीं झालीं; आणि त्यांच्याबरोबर त्यांचीं आडनांवेंही. हें गॉल्टनच्या गणिताचें काम नव्हतें. हें माणसाच्या हाताचें काम होतें. आणि ज्या व्यवस्थित नोंदवह्यांची आपण एवढी वाखाणणी करतों, त्याच नोंदवह्या मारेकऱ्यांना माणसें हुडकावयास उपयोगीं पडल्या, हेंही सांगितलें पाहिजे. २०२१ सालीं आम्स्टरडॅममध्यें ह्या मृतांचें एक स्मारक उघडण्यांत आलें. त्यांत यहुद्यांबरोबर रोमा व सिंती लोकही आहेत. विटांच्या भिंती आहेत, आणि एकेका विटेवर एकेका माणसाचें नांव, जन्मतारीख आणि मृत्युसमयीचें वय. अशा एक लाख दोन हजारांहून अधिक विटा! ज्यांचें नांव लावावयास कोणी उरलें नाहीं, त्यांचें नांव तेथें विटेनें धरून ठेविलें आहे.

आतां तिसरा प्रश्न. आंतोनी व्हान लेवेनहूकचें आडनांव टिकलें कोणामुळें? हा माणूस कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नव्हतें, लॅटिन त्याला येत नव्हतें. कापडाचा पोत तपासावयास व्यापारी भिंग वापरीत. त्यानें स्वतःच्या हातांनीं त्याहून कितीतरी प्रभावी भिंगें घासलीं, आणि १६७३ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या साध्या वलंदेजी भाषेंत पत्रें लिहून आपण काय पाहिलें तें कळविलें. १६८० सालीं त्या संस्थेनें त्याला सभासद करून घेतलें. पण घरचा संसार? त्याला पांच अपत्यें झालीं, त्यांपैकीं चार लहानपणींच गेलीं. उरली एकटी मारिया, १६५६ सालीं जन्मलेली. तिनें लग्न केलें नाहीं. ती अखेरपर्यंत बापाजवळ राहिली. आपल्याकडचे शेजारीपाजारी असते तर त्यांनीं हळहळून म्हटलें असतें, “वंशाला दिवा नाहीं, नांव बुडालें!”

नांव बुडालें काय? १७२३ सालीं नव्वद वर्षांचा होऊन आंतोनी वारला. त्यानें रॉयल सोसायटीसाठीं तयार ठेविलेली सव्वीस सूक्ष्मदर्शक यंत्रांची पेटी मारियानें इमानानें लंडनला पोंचती केली. डेल्फ्टच्या जुन्या देवळांत तिनें बापाचें स्मारक उभारलें, आणि त्यावर कन्या म्हणून आपलेंही नांव घातलें. १७४५ सालीं ती वारली, आणि आंतोनीच्या घरांतला शेवटचा लेवेनहूक गेला. पुरुष नव्हे, ती एक मुलगी होती.

त्यानंतर १८७५ सालीं तेथील विद्वत्सभेनें लेवेनहूकच्या नांवानें सुवर्णपदक सुरू केलें. १८९५ सालीं तें लुई पाश्चरला मिळालें. आम्स्टरडॅममध्यें कर्करोगाचें एक मोठें रुग्णालय आहे, त्यालाही आंतोनीचेंच नांव आहे. दरवर्षीं हजारों रोगी तें नांव विचारीत येतात. दे योंग हें आडनांव ऐंशीं हजार माणसें लावतात, तें त्यांच्या घरापुरतें. लेवेनहूक हें लावणारे फार थोडे. पण तें उच्चारलें गेलें नाहीं अशी एकही शास्त्रशाळा जगांत नसेल. आडनांव वंशानें चालतें, हें अर्धेंच सत्य आहे. तें कामानें चालतें, नोंदीनें चालतें. आणि ज्याला त्याची माया आहे त्या माणसानें चालतें, मग तो मुलगा असो वा मुलगी.

कायदाही आतां ह्याच दिशेनें वळत आहे. नेदरलंड्समध्यें अपत्याला बापाचेंच आडनांव मिळे. १९९८ पासून आईचें देण्याची मोकळीक झाली, आणि २०२४ पासून दोघांचींही जोडून देतां येतात. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं आपल्या महाराष्ट्रांतही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नांवानंतर आईचें नांव, मग वडिलांचें, मग आडनांव, असा क्रम ठरविण्यांत आला. आडनांव जरी बापाचेंच राहिलें, तरी आईला नोंदींत जागा मिळाली.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं वंशावळ लिहिलेली असेल. ती एकदां काढून पाहा. मुलग्यांच्या फांद्या खालपर्यंत वाढत गेलेल्या दिसतील. मुलींच्या बहुधा पहिल्याच रेघेशीं थांबलेल्या, आणि कांहीं ठिकाणीं तर ‘कन्या दोन’ एवढेंच लिहून त्यांचीं नांवेंही गाळलेलीं. त्या कन्यांचीं नांवें सांगूं शकणारें कोणी वृद्ध माणूस घरांत अद्याप असेल, तर त्याला आजच विचारा आणि शाईनें लिहून ठेवा. आडनांवें गणिताप्रमाणें जावयाचीं तीं जातीलच, त्यावर आपला इलाज नाहीं. पण जीं माणसें होऊन गेलीं त्यांचीं नांवें केवळ आपल्या आळसामुळें जाऊं नयेत. एवढें काम कोणालाही करतां येण्यासारखें आहे, आणि त्याला वहीच्या एका पानाहून अधिक सामग्री लागत नाहीं.